शेंदुरखळीचं विरजण

रोहिणी मगदूम एकोणीस वर्षं शेंदुरखळीच्या उपकेंद्रात आरोग्यसेविका होती. एवढ्या वर्षांत तिनं कुठल्या वस्तूवर राग काढला नव्हता. पण त्या दिवशी समोरचा टॅब उचलून भिंतीवर आपटावा असं तिला मनापासून वाटलं.

सातवीच्या एकवीस मुलींपैकी वीस जणींच्या नावापुढे हिरवी खूण होती. एकविसाव्या नावापुढे लाल चौकोन लुकलुकत होता. ईश्वरी भागवत सानप. खाली सूचना होती, 'पालकांचे समुपदेशन करा.' रोहिणीनं ते चार वेळा केलं होतं आणि चारही वेळा तशी नोंद केली होती. टॅब पाचव्यांदा तेच सांगत होता. शंभर टक्के झाल्याशिवाय तो पुढचं पान उघडत नव्हता, आणि पुढचं पान उघडल्याशिवाय उरलेल्या वीस मुलींच्या नोंदीही वर जात नव्हत्या.

२०३९ सालचा डिसेंबर होता. 'कन्या-कवच' नियमाचं ते पहिलंच वर्ष. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर बहुतेक वेळा एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो आणि बहुतेकांच्या अंगातून आपसूक निघूनही जातो. थोड्या बायकांच्या अंगात मात्र तो ठाण मांडून बसतो आणि पंधरा-वीस वर्षांनी त्याचा कॅन्सर होतो. म्हणून लस द्यायची ती विषाणूशी गाठ पडण्याच्या आधी, बारा-तेरा वर्षांच्या वयात. इंजेक्शनची लस जुनी होती आणि चांगलीही होती. पण सुई म्हटली की निम्म्या आया मुलींना त्या दिवशी घरी ठेवायच्या. मग पुण्याच्या एका प्रयोगशाळेनं दह्यातली लस काढली. दही लावणाऱ्या जिवाणूंच्या अंगावर विषाणूच्या कवचातलं एक प्रथिन चढवलं. विषाणू नाही, नुसता त्याचा अंगरखा. वाटीभर दही पोटात गेलं की आतड्यातले पहारेकरी तो अंगरखा बघून ठेवणार आणि पुढे कधी खरा विषाणू आला तर त्याला ओळखणार. तीन दिवस सलग दही, मग महिन्याची सुट्टी. अशा तीन फेऱ्या.

सक्ती होती ती सातवीच्या मुलींना. मुलांना लस ऐच्छिक होती, आणि ऐच्छिक म्हणजे शेंदुरखळीत एकानंही घेतली नव्हती. दाखला नाही तर आठवीत, म्हणजे वरच्या गावच्या हायस्कुलात, प्रवेश नाही. बापानं तहसीलदारासमोर लिहून दिलं तर एका वर्षाची सवलत. त्यापुढे काय, हे नियमात लिहिलं नव्हतं.

रोहिणी पाचव्यांदा सानपांच्या घरी गेली.

भागवत सानपचे आईबाप बीडकडून ऊसतोडीला यायचे. भागवत इथंच राहिला, कारखान्याचं हार्वेस्टर चालवायला लागला आणि शेंदुरखळीत दोन खोल्या बांधून गावचा झाला. पस्तिशीचा, शांत माणूस. त्यानं रोहिणीला बसायला खुर्ची दिली आणि बायकोला चहा ठेवायला सांगितला.

"सिस्टर, चहा घ्या. फक्त दह्याचं काढू नका."

"त्याच्यासाठीच आलेय, भागवतभाऊ."

"मग ऐका. माझ्या आईच्या पोटात दुखायचं. बत्तीस वर्षांची होती. डॉक्टर म्हणाला, पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल. आमच्या टोळीतल्या नऊ बायकांच्या पिशव्या त्यानं अशाच काढल्या. कॅन्सर एकीलाही नव्हता. आई चाळिशीत म्हातारी झाली, हाडं खिळखिळी झाली तिची. तिलासुद्धा एका नर्सबाईनंच समजावलं होतं. तुझ्या भल्याचं सांगते म्हणाली."

"ती लबाड माणसं होती, भाऊ. मी लबाड आहे का?"

"नाही. पण तीही दिसायला लबाड नव्हती."

भागवत पुढे म्हणाला, "आणि हा रोग पुरुषांकडनं येतो म्हणता ना? मग पोरांना का सक्ती नाही? माझ्या पोरीलाच का पकडता?"

प्रशिक्षणात रोहिणीनं हाच प्रश्न विचारला होता. 'टप्प्याटप्प्याने होईल' असं उत्तर मिळालं होतं. तिनं तेच भागवतला सांगितलं. तो हसला. त्या हसण्यानं ती पेटली.

"तुमची पोरगी पस्तीस वर्षांची होईल ना, तेव्हा मी नसेन. तेव्हा बघत बसा."

चहा न घेताच ती उठली. वाटभर ती स्वतःशी भांडत होती. एकोणीस वर्षांत तिनं या रोगाच्या सात बायका पाहिल्या होत्या. शेवटची लक्ष्मी सुतार. उपकेंद्रात आली तेव्हा ती बाकड्यावर बसली नाही. बाकडं खराब होईल म्हणून भिंतीला टेकून उभी राहिली आणि तशीच उभ्याउभ्या म्हणाली, "सिस्टर, तीन महिने झाले, थांबतच नाही." लक्ष्मी एकेचाळीस वर्षांची होती. चार महिन्यांत गेली. ह्या माणसाला लक्ष्मी कशी दाखवायची? दाखवली तरी तो म्हणणार, डॉक्टरनं आईलाही हीच भीती घातली होती.

त्यानंतर चौथ्या दिवशी भागवतची बायको शीतल शाळेत आली. सकाळची दहाची वेळ होती. मुलींचं दही खाऊन झालं होतं आणि रोहिणी शाळेच्या स्वयंपाकघरात भांडी आवरून घेत होती. शीतल दारातच उभी राहिली, हातात वाटी.

"सिस्टर, चिमूटभर विरजण द्याल का? थंडीनं माझं पार बिघडलं. दह्याला नुसती तार सुटतेय."

रोहिणीच्या घरी तिचं स्वतःचं विरजण होतं. उपकेंद्रामागची खोली शाळेपासून शंभर पावलांवर. 'थांब, घरनं आणून देते,' एवढंच म्हणायचं होतं. पण तिची नजर समोरच्या पातेल्यावर गेली. तळाशी दोन पळ्या कवच-दही उरलं होतं.

ते फेकून द्यायचा नियम होता. मात्र ते धोक्याचं नाही, असंही प्रशिक्षणात सांगितलं होतं. या जिवाणूंच्या गळ्यात एक दोरी होती. त्यांना जगायला लागणारं एक द्रव्य त्यांना स्वतःला बनवता येत नव्हतं. मुद्दामच तसं केलेलं. शाळेत दही लावताना ते द्रव्य पुडीतून घालायचं. पूड मिळाली नाही तर दोन-तीन विरजणांत ते जिवाणू संपायचे आणि साधं दही उरायचं.

दोन-तीन विरजणं म्हणजे तीन दिवस. तीन दिवस म्हणजे एक फेरी. हा हिशेब रोहिणीच्या डोक्यात एका क्षणात झाला. त्या क्षणात तिला भागवतचं हसणंही आठवलं. तिनं वाटी घेतली आणि पातेल्यातलं दही तीत काढलं.

"चांगलं घट्ट आहे हो," शीतल म्हणाली.

"हो. ईश्वरीलाही दे रोज, थोडं जास्तच दे."

पुढच्या महिन्यात, दुसऱ्या फेरीच्या दिवशी, शीतल आली नाही. रोहिणी स्वतःच डबी घेऊन तिच्याकडे गेली. "डेअरीचं नवीन विरजण मिळालं, म्हटलं तुला द्यावं." फेब्रुवारीत तिसऱ्यांदा गेली. तेव्हा मात्र घरी परतल्यावर तिनं हात दोनदा धुतले. का धुतले ते तिलाही कळलं नाही.

भागवतनं तहसिलीत लिहून दिलं. एका वर्षाच्या सवलतीवर ईश्वरी जूनमध्ये आठवीत गेली.

रोहिणीला वाटलं होतं की विषय संपला. पण शीतलचं दही गावात गाजलं. ते आंबट व्हायचं नाही, सुरी फिरवली तर वडी पडावी असं लागायचं. शेजारणींनी विरजण मागून नेलं, शेजारणींकडून त्यांच्या जावांनी नेलं. आखाडात तर रोहिणीच्या समोरच एक बाई दुसरीला म्हणाली, "सानपांचं विरजण आण गं, तसं दही तालुक्यात नाही." रोहिणीनं स्वतःची समजूत काढली की आता ते साधंच दही असणार. शास्त्रज्ञांनी सांगितलं होतं ना, दोन-तीन विरजणं. तिनं कुणाला फोन केला नाही.

ऑगस्टमध्ये हायस्कुलात रक्तातल्या लोहाची तपासणी झाली. बोट टोचून थेंब घेताना रोहिणीनं ईश्वरीचा एक थेंब जास्त घेतला आणि कवच तपासायच्या पट्टीवर टाकला. पट्टीवर दोन रेघा उमटल्या तर मुलीचं कवच तयार झालं असं समजायचं. एकच रेघ उमटली. रोहिणीनं पट्टी दुसऱ्यांदा बघितली, तिसऱ्यांदा उजेडात धरून बघितली आणि चडफडत कचऱ्यात टाकली. एवढं करून काहीच नाही! ईश्वरी रुमालानं बोट दाबत समोरच उभी होती.

"काय झालं सिस्टर? रक्त कमी आहे का?"

"नाही. रक्त चांगलं आहे तुझं. जा वर्गात."

दुसऱ्या वर्षी सातवीत एकोणीस मुली होत्या. त्या वर्षी एकाही बापानं नकार दिला नाही. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी, तिन्ही फेऱ्या वेळेवर झाल्या आणि मार्चमध्ये रोहिणी पट्ट्यांचा डबा घेऊन शाळेत बसली. पहिल्या मुलीची एकच रेघ आली. दुसरीची एकच. पाचव्या मुलीनंतर तिनं पट्ट्यांची मुदत तपासली. दहाव्या मुलीनंतर तिनं स्वतःचं बोट टोचून पट्टीवर थेंब टाकला. रोहिणीनं नोकरीच्या सुरुवातीलाच इंजेक्शनची लस घेतली होती. तिच्या पट्टीवर दोन ठळक रेघा उमटल्या. म्हणजे पट्ट्या चांगल्या होत्या.

एकोणीसपैकी एकोणीस मुली कोऱ्या निघाल्या. आदल्या वर्षीच्या वीस मुलींना मात्र सगळ्यांना दोन रेघा होत्या.

आठवड्यानं पुण्याच्या प्रयोगशाळेतून डॉ. फरीदा मुजावर आल्या. दह्याची लस ज्या चौघांनी बनवली त्यांतल्या त्या एक. पन्नाशीच्या, पायात बूट, खांद्यावर नमुन्यांची पेटी. त्यांनी शाळेचं दूध तपासलं, पुड्या तपासल्या, काही सापडलं नाही. दुपारी मुलींबरोबर जेवायला बसल्या. एका मुलीच्या डब्यात दहीभात होता.

"हे दही घरचं का गं?"

"हो. सगळ्यांकडे असलंच असतं."

डॉक्टरबाईंनी चमचाभर दही नळीत घेतलं आणि पेटीतल्या यंत्रात सरकवलं. अर्ध्या तासानं त्यांनी यंत्राच्या पडद्याकडे पाहिलं आणि पेटी बंद केली.

"सिस्टर," मग त्या म्हणाल्या, "हे विरजण गावात कुठून आलं, ते मला शोधायचंय. चला माझ्याबरोबर."

रोहिणीच्या आयुष्यातला तो सर्वांत लांब रस्ता होता. मुलीच्या आईनं सांगितलं, चौगुले वहिनींकडून आणलं. चौगुले वहिनी म्हणाल्या, कुंभारांच्या सुनेनं दिलं. कुंभारांची सून म्हणाली, ते तर शीतलकडचं. प्रत्येक दारात बायका कौतुकानं सांगत होत्या आणि रोहिणी मागे उभी राहून ऐकत होती. कुंभारवाड्यापासून सानपांचं घर दोन मिनिटांवर होतं. त्या दोन मिनिटांत सांगून टाकावं असं तिनं तीनदा ठरवलं. तीनदा तोंड उघडलं. डॉक्टरबाई पुढे चालत होत्या, त्यांना ते दिसलं नाही.

शीतल दारात आली. प्रश्न ऐकून तिचा चेहरा फुलला.

"माझ्याकडं कुठलं एवढं चांगलं विरजण? ह्या सिस्टरांनीच दिलं की! शाळेतनं दिलं पहिल्यांदा, मग घरी आणूनसुद्धा दिलं. तीन वेळा."

डॉ. मुजावर वळल्या. रोहिणीनं मान खाली घातली. शीतल एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिली. तिला अजून काही कळलं नव्हतं.

उपकेंद्रात परत आल्यावर डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुमच्याकडे कुत्रा आहे का सिस्टर? नसला तरी कल्पना करा. अनोळखी माणूस एकदम दणकन आत शिरला तर कुत्रा भुंकतो आणि त्याला जन्मभर लक्षात ठेवतो. तीन दिवस भरपूर दही, मग सुट्टी, ते एवढ्यासाठीच. पण दूधवाला रोज येतो, गुपचूप येतो, रतीब घालून जातो. कुत्रा त्याच्यावर भुंकायचं सोडून देतो. आतड्याचंही तसंच आहे. एखादं प्रथिन रोज थोडं थोडं अन्नातून आलं की शरीर ठरवून टाकतं, हा घरातलाच. घरच्या दह्यात आपले जिवाणू हजारात एक असतील. वर्षभर रोज तेवढेच. या मुलींची शरीरं त्या विषाणूच्या अंगरख्याला दूधवाला समजून बसलीत."

"पण ते मरणार होते ना? पूड नसेल तर?"

"आम्ही निर्जंतुक दुधात तपासलं होतं. तिथं ते मेले. घरच्या विरजणात दहा-पंधरा जातींचे जिवाणू एकत्र नांदतात. ह्यांना जे द्रव्य बनवता येत नाही ते शेजारचे बनवतात आणि दुधात सोडतात. शेजाऱ्यांनी पोसलं त्यांना." त्या थांबल्या. "हे आम्हाला सुचायला हवं होतं. आम्हीही विरजणाच्याच घरातले."

"आणि इंजेक्शन दिलं तर?"

"हे दही पूर्ण बंद करून सात-आठ महिने थांबायचं. शरीर विसरलं तर इंजेक्शन लागू पडेल. नाही विसरलं तर माहीत नाही. खरंच माहीत नाही, सिस्टर."

दुसऱ्या दिवशी तालुका आरोग्य अधिकारी डॉ. इंगवले यांनी रोहिणीला बोलावलं. दार लावून घेतलं. टेबलावर छापील अहवाल तयार होता. 'प्रतिसाद अपुरा. कारण : आहारातील कमतरता.'

"सही करा. मुजावर मॅडमचा अहवाल वर जाईल तेव्हा जाईल, तोवर आपला हा."

"साहेब, हे खोटं आहे."

"मला खरं-खोटं शिकवू नका! तुम्ही केलंत ते काय होतं?" इंगवल्यांचा आवाज चढला आणि मग लगेच उतरला. "हे बघा. जिल्ह्यात अठरा हजार मुली आहेत. बाकी सगळीकडे दही उत्तम काम करतंय. उद्या बाहेर आलं की नर्सनं एका पोरीला चोरून लस खाऊ घातली आणि गावाचा बट्ट्याबोळ झाला, तर अठरा हजार बाप नकार लिहून देतील. त्यातल्या किती पोरी वीस वर्षांनी मरतील, करा हिशेब. तुम्हीच शिकवता ना बायकांना?"

ते चुकीचं बोलत असते तर रोहिणीला सोपं गेलं असतं. तिनं विचारलं, "आणि ह्या एकोणीस मुली, आणि विसावी ईश्वरी? दाखल्याशिवाय हायस्कूल घेणार नाही त्यांना. ईश्वरीची सवलतही संपली."

"सिस्टीममध्ये 'कवच नाही' असं आलं की दाखला निघत नाही. मी काय करू? वर लिहिलंय."

"म्हणजे आम्हीच त्यांचं कवच होऊ दिलं नाही, आणि कवच नाही म्हणून आम्हीच त्यांना शाळेत घेणार नाही?"

इंगवल्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "नियम करणाऱ्यानं हा विचार केला नव्हता," ते म्हणाले.

रोहिणीनं सही केली नाही. येताना एसटीत ती खिडकीला कपाळ टेकून बसली. एका बाजूला भागवत, एका बाजूला इंगवले, दोघांनाही गदागदा हलवावंसं वाटत होतं. आणि दोघांच्या मधे उभी ती स्वतः, जिनं कुणाचंच न ऐकता आपल्या मनाचं केलं होतं.

रविवारी ग्रामसभा होती. रोहिणीनं सरपंचांकडे बोलायची परवानगी मागितली. तिनं कागद आणला नव्हता. जे घडलं ते पहिल्या वाटीपासून सांगितलं. पातेल्याचं सांगितलं, डबीचं सांगितलं, हायस्कुलात चोरून घेतलेल्या थेंबाचंही सांगितलं. शीतलला काहीच माहीत नव्हतं, हे दोनदा सांगितलं.

गलका झाला. कुणी म्हणालं हिला गावातून काढा, कुणी म्हणालं पोलिसात द्या, कुणी विचारलं आमची पोर वांझ होणार का. रोहिणी उत्तरं देत राहिली. नाही, वांझ होणार नाही. नाही, दह्यानं आजार होत नाही. फक्त ह्या एका विषाणूपुढे शरीर गाफील राहील.

भागवत मागे उभा होता. तो पुढे आला तशी माणसं गप्प झाली. रोहिणीला वाटलं, आता हा हात उचलणार. त्यानं आवाजही चढवला नाही.

"सिस्टर, माझ्या आईला फसवलं त्यांनी, पण विचारून फसवलं. अंगठा तरी घेतला तिचा. तुम्ही तेवढंसुद्धा केलं नाहीत."

तो निघून गेला. रोहिणीला खुर्ची दिसत होती, पण बसायचं सुचलं नाही.

मंगळवारी तिच्या निलंबनाचं पत्र आलं. त्याच आठवड्यात शेंदुरखळीतलं सगळं दही-ताक शाळेच्या पटांगणात गोळा झालं. मोठ्या कढयांत उकळून ते चुन्याच्या खड्ड्यात ओतलं गेलं. बायका रिकामी गाडगी घेऊन उभ्या होत्या. शीतलशी कुणी बोलत नव्हतं. नवीन विरजण आणायला माणूस शेजारच्या गावी पाठवला तर तिथल्यांनी त्याला वेशीवरूनच परत पाठवलं. 'तुमची भांडीसुद्धा आणू नका.' शेवटी मिरच्यांचे देठ घालून कुणीतरी नव्यानं दही लावलं. पातळ, आंबट दही. पोरांनी तोंडं वेडीवाकडी केली.

इंगवल्यांचं भाकीत खरं ठरलं. बातमी जिल्हाभर झाली आणि जूनमध्ये सात हजार नकार आले. रोहिणीला तो आकडा पेपरात वाचायला मिळाला. त्या दिवशी ती जेवली नाही. दाखल्याची अट मात्र एका जिल्ह्यासाठी तात्पुरती उठली. डॉ. मुजावरांनी मंत्रालयात चार खेपा घातल्या तेव्हा कुठे उठली. वीसही मुली हायस्कुलात बसल्या.

नोव्हेंबरात इंजेक्शनं द्यायचं ठरलं. डॉ. मुजावरांनी एक अट घातली होती. पालकांच्या सहीखाली मुलीची स्वतःचीही सही हवी, आणि तिला काय देतोय ते आधी तिला सांगायचं. सक्ती नाही. टोचायला दुसऱ्या केंद्राची नर्स आली होती. रोहिणीला चौकशीच्या जबाबासाठी त्याच दिवशी बोलावलं होतं, म्हणून ती हायस्कुलाच्या व्हरांड्यात एका बाकावर बसून होती. येणाऱ्याजाणाऱ्या आया तिला बघून पदर सावरत पुढे जात होत्या.

ईश्वरी रांगेतून बाहेर पडली आणि तिच्यासमोर येऊन उभी राहिली. वर्षात बरीच उंच झाली होती.

"हे घेतल्यावर नक्की होईल का?"

"नक्की नाही सांगता येत. होईल असं वाटतं."

"दुखतं?"

"दोन दिवस दंड दुखतो. थोडा ताप येईल एखाद्या वेळेस."

"आणि नाही घेतलं तर?"

"कदाचित काहीच होणार नाही. किंवा वीस वर्षांनी होईल. तेव्हा तपासणी करून घेतलीस तर वेळेत सापडेल. घेतलंस तरी तपासणी करायचीच."

ईश्वरी तिच्याकडे बघत राहिली. "एवढंच होतं? हे मला तेव्हा सांगायला किती वेळ लागला असता?"

रोहिणी बाकावरून उठून उभी राहिली.

"बाबा अजून नकोच म्हणतात," ईश्वरी म्हणाली. "आईनं सही दिलीय. मी घेणार आहे. पण मला टोचायला तुम्ही नको."

"मला परवानगीच नाही गं टोचायची."

"परवानगी असती तरी नको."

ती परत रांगेत गेली. तिच्यापुढे चार मुली होत्या. वीसपैकी सतरा जणींनी इंजेक्शन घेतलं, तिघींनी सही केली नाही. तिघींना कुणी काही बोललं नाही.

दुसरा डोस मे महिन्यात झाला आणि पट्ट्या जूनमध्ये. सतरापैकी बारा जणींना दुसरी रेघ उमटली. ईश्वरीची फिकट होती, पण होती. पाच जणींची उमटलीच नाही. म्हणजे न घेतलेल्या तिघी धरून आठ मुली.

रोहिणीचं निलंबन उठलं आणि तिची बदली साठ किलोमीटरवर झाली. जायच्या आदल्या दिवशी सकाळी ती त्या आठही घरी गेली. दोन घरांनी दार उघडलं नाही. बाकीच्यांना तिनं एकच गोष्ट सांगितली. मुलगी तिशीची झाली की दर पाच वर्षांनी तपासणी करायची, चुकवायची नाही. तारखा तिनं स्वतःच्या हातानं कार्डांवर लिहून आणल्या होत्या. पहिली तारीख येईल तेव्हा ती निवृत्त होऊन तीन वर्षं झालेली असतील, पण ती येईल आणि स्वतः बरोबर जाईल.

शेवटचं घर चौगुल्यांचं. चौगुले वहिनींनी कार्ड हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं.

"सतरा वर्षं," त्या म्हणाल्या. "तोवर तुमच्यावर विश्वास कसा ठेवायचा?"

"माझ्यावर ठेवू नका," रोहिणी म्हणाली. "पण पोरीला तपासणीला पाठवा."